पाहुण्यांच्या भाषणातून निघालेलं काम: सर्पदंश प्रकल्पाच्या नोंदी

३ एप्रिल २०२५, गुरुवार. टिळकवाडी, बेळगाव

आमच्या क्लबाच्या आजच्या साप्ताहिक सभेला सर्पदंशावर उपचार करणारे एक डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. पाहुण्यांना आपण वीस मिनिटं देतो. ते पाऊण तास बोलले आणि एकाही सभासदाने घड्याळ पाहिलं नाही. टिपून घेतलेलं इथे उतरवून ठेवतो, कारण पुढचं काम यावरच उभं राहणार आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं झालं. त्याच्या पुढच्याच महिन्यात केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं शाळेपासून ऐकलेली. पण विष शरीरात जाऊन काय करतं हे आज पहिल्यांदा नीट समजलं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते, शेवटी श्वास घ्यायचे स्नायूच थकतात. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. रक्त गोठेनासं होतं, आणि घोणस चावली असेल तर मूत्रपिंडंही बंद पडू शकतात. मण्यारीचं ऐकून तर सभागृह गप्प झालं. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. धड दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात, आणि सकाळपर्यंत डोळे उघडेनासे होतात.

नंतर नेहमीप्रमाणे शाल, श्रीफळ, आभार, चहा. मी या क्लबात अकरा वर्षं आहे आणि आभाराची भाषणं मीच जास्त केली आहेत. आज आभार मानताना मला राहवेना. खाली उतरल्यावर डॉक्टरांना विचारलं, "सर, जांबोटीच्या पुढच्या गावांत येऊन हेच बोलाल का?" ते म्हणाले, "येईन. पण आधी तुम्ही जाऊन ऐकून या. त्यांना काय माहीत नाही ते मला माहीत आहे, पण त्यांना काय जमत नाही ते मला माहीत नाही."

सचिवांना सांगून नवीन वही काढली. ही तीच.

१३ एप्रिल, रविवार

आम्ही चौघे. जांबोटीवरून कणकुंबीच्या रस्त्याला लागून पुढे आत वळायचं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी तसं सांगितलं आहे. हा सगळा मलप्रभेच्या उगमाचा भाग. एका बाजूला भीमगड अभयारण्याचं जंगल, दुसरीकडे चोर्ल्याकडे उतरणारा घाट. पावसाळ्यात इथे जो पाऊस पडतो त्याची कल्पना बेळगावात बसून येत नाही.

देवळाच्या मंडपात तीस-एक माणसं जमली. बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. कर्ती मुलं गोव्याला कामाला, नाहीतर बेळगावात. मी सापांची माहिती सांगायला सुरुवात केली तर एक आजी मध्येच म्हणाल्या, "ते सगळं ठाऊक हाय बाबा. दवाखान्यात जायचं हेबी ठाऊक हाय. गाडी कुठली?"

तिथून पुढे मी बोललोच नाही, फक्त लिहून घेतलं.

गावात चारचाकी तीन. त्यातली एक आठवडाभर गोव्यात असते. फोनची रेंज शाळेच्या व्हरांड्यात आणि वरच्या माळावर. १०८ ला फोन लागला तर बोलणं कन्नडमध्ये होतं, आणि घरात त्या वेळी असलेल्या आजी-आजोबांना गावाचं नाव सांगण्यापलीकडे काही जमत नाही. फोन घेणाऱ्याची यात काहीच चूक नाही, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेत रस्ता सांगायचा म्हणजे काय, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी समजून घ्यायला हवं. शेवटचा मुद्दा गावच्या आशाताईंनी, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेने, आवाज खाली आणून सांगितला. पलीकडच्या वाडीत गावठी औषध देणारे एक मामा आहेत. साप चावला की लोक आधी तिकडेच जातात. मामा पैसे घेत नाहीत, दार रात्रीही उघडं असतं, आणि आपल्या भाषेत बोलतात.

परत येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आजचे पाहुणे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. विषय १९२४ चं बेळगाव अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं हे एकमेव अधिवेशन, आणि ते आपल्या टिळकवाडीत झालं. छान बोलले.

त्यानंतर प्रकल्पाची चर्चा. बहुतेकांचं मत गमबूट वाटायचं. खर्च ठरवता येतो, एका दिवसात वाटप होतं, दाते पटकन मिळतात. मलाही ते पटत होतं. पण "गाडी कुठली?" या प्रश्नाला गमबूट हे उत्तर नव्हे, एवढंच मी बोललो. खजिनदारांनी मार्ग काढला: आधी दहा जोड नेऊन बघू, बाकीचे पैसे राखून ठेवू.

४ मे, रविवार

या दिवसाची नोंद सविस्तर करतो.

डॉक्टरांना घेऊन मामांच्या घरी गेलो. जाताना मला धाकधूक होती. आपल्या सभांमध्ये अशा माणसांचा उल्लेख अंधश्रद्धा या एका शब्दात उरकला जातो, मीही तो उरकला आहे. मामा सत्तरी ओलांडलेले. अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसले होते. डॉक्टर सरळ खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मामा, मी सापाचे पेशंट बघतो. तुम्हीही बघता. म्हटलं भेटून यावं."

तासभर गप्पा झाल्या. कुठल्या महिन्यात जास्त येतात, कुठे चावलेलं असतं, कोण किती वेळात येतं. मामांना सगळं तोंडपाठ. डॉक्टरांनी विचारलं, "किती बरे होतात?" मामा म्हणाले, "धा जणांतले सात-आठ." मग डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. ते लोक कुठेही गेले असते तरी बरे झाले असते. प्रश्न उरलेल्या दोन-तिघांचा आहे.

मामांनी कामट्या खाली ठेवल्या. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जे गेले त्यांची नावं सांगू? एकबी विसरलो नाही मी."

त्या वाक्यानंतर मामांबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं. हा माणूस त्या मृत्यूंचं ओझं एकट्याने वाहत होता. त्यांच्या मदतीला कोणी गेलं नव्हतं.

नंतर ठरलं ते असं. मामा मंत्र म्हणतील, पण गाडी येईपर्यंतच. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही. आवळलेल्या पायाचं रक्त थांबून पाय जातो, आणि सोडल्यावर विष एकदम वर चढतं. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा दोन्ही बाजूंनी कामट्या लावून सैलसर बांधायचा, म्हणजे हलणार नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण आधी काढायचे, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. माणसाला चालवायचं नाही. उलटी होत असेल तर कुशीवर निजवायचं. मामा गुरांची हाडं बसवतात, त्यामुळे कामटी बांधणं त्यांना शिकवावं लागलं नाही. उलट आमच्या एका सभासदाचा पाय घेऊन त्यांनी आम्हालाच बांधून दाखवला. डॉक्टर म्हणाले, माझ्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा हे चांगलं बांधलंय.

निघताना डॉक्टरांनी मामांना स्वतःचा फोन नंबर दिला.

८ मे, गुरुवार

पाहुणे बँकेतले, ऑनलाइन फसवणूक. उपयुक्त. आपल्या प्रकल्पाशी संबंध नाही.

१ जून, रविवार

यंदा मान्सून २४ मेलाच केरळात पोचला आणि आपल्याकडेही मृगाआधीच पावसाने गाठलं. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, घाई सुरू झालेली. दहा जोड गमबूट नेले होते.

बायकांनी घालून पाहिले आणि लगेच निकाल दिला. चिखलणीत बूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ते घालून वाकताच येत नाही. मापंही पुरुषांची आणली होती, ही चूक माझी. रोप लावणाऱ्या बहुतेक बायकाच, हे मला कळायला हवं होतं. बूट मात्र वाया जाणार नाहीत. गवत कापताना, काजूच्या बागेत, गुरांमागे रानात जाताना ते चालतील असं त्यांनीच सुचवलं.

मग काय हवं, असं विचारलं. दोन गोष्टी निघाल्या. बॅटरी, कारण पाऊस लागला की वीज दोन-दोन दिवस नसते आणि परसाकडे अंधारातच जावं लागतं. आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीचं मी डासांसाठी समजलो होतो. आशाताई म्हणाल्या, "नाही दादा. डॉक्टरांनी मण्यारीचं सांगितल्यापासून बायका विचारायला लागल्यात." चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला आत येऊ देत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मी ते लिहून घेतलं होतं आणि विसरलो होतो. त्या बायका विसरल्या नव्हत्या.

राखून ठेवलेल्या पैशांतून मच्छरदाण्या आणि चार्जिंगऐवजी सेलवर चालणाऱ्या बॅटऱ्या.

१४ जून, शनिवार

जागतिक रक्तदाता दिन. शिबिर नेहमीच्या ठिकाणी झालं, प्रतिसाद चांगला. वेगळी वही आहे, तिथे नोंद.

२१ जून, शनिवार रात्र

रंगीत तालीम. रात्री साडेनऊला शाळेच्या व्हरांड्यातून फोन करायचा आणि पेशंट म्हणून आमच्या एका सभासदाला खानापूरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायचं, असं ठरलं होतं. पाऊस झोडपत होता, तरी रद्द केली नाही. साप पाऊस बघून येत नाही.

पहिल्या वेळी दारात पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. त्यातली पस्तीस मिनिटं गाडी गावातून निघायच्या आधीची: कोणाला फोन करायचा, नंबर कुठे लिहिलाय, माणसाला उचलायचं कोणी, चटईवर की खुर्चीवर. रस्ता आपल्या हातात नाही. ही पस्तीस मिनिटं आहेत.

तिथल्या तिथे देवळाच्या भिंतीवर काळ्या रंगाचा चौकोन रंगवायचं ठरलं. त्यावर तीन गाडीवाल्यांची नावं आणि नंबर. खाली कन्नड वाक्यं, मराठी अक्षरांत: हावु कच्चिदे. नम्म ऊरु, आणि पुढे गावाचं नाव. बेग गाडी कळिसि. म्हणजे साप चावलाय, आमचं गाव अमुक, लवकर गाडी पाठवा. शाळेतल्या सातवीच्या मुलीने ती खणखणीत म्हणून दाखवली आणि मग सगळ्या आजींकडून म्हणून घेतली. तिला कन्नड उत्तम येतं, घरात ती मराठीच बोलते. असं मूल इथे प्रत्येक गल्लीत आहे.

३ जुलै, गुरुवार

पदग्रहण झालं. नवे अध्यक्ष, नवी समिती, नवे उपक्रम. मनात होतं ते आज बोलून टाकलं. आपल्याकडे जुलैपासून वर्ष बदलतं आणि साप चावायचे दिवसही तेव्हाच ऐन भरात असतात. जूनअखेर अहवाल लिहून प्रकल्प बंद केला तर आपण नेमक्या नको त्या वेळी हात काढून घेतो. गेल्या अकरा वर्षांत मी असे किती तरी चांगले प्रकल्प पाहिलेत, ज्यांचे फक्त फोटो उरले. नव्या अध्यक्षांनी वही मागून घेतली, रात्री वाचली, आणि सकाळी फोन करून सांगितलं की प्रकल्प चालू राहील आणि नागपंचमीला त्या स्वतः येतील.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

नागपंचमीचा दिवस आशाताईंनी निवडला. त्या दिवशी शेतात नांगर घालत नाहीत, घरात विळी-चाकू चालवत नाहीत. सगळं गाव मोकळं असतं, आणि नागाबद्दल बोलायला कोणाला भीतीही वाटत नाही.

पूजा झाल्यावर मंडपात कार्यक्रम. एक सर्पमित्र आले होते. जिवंत साप आणणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही आणि सापाचेही हाल होतात. मोठे फोटो आणले. नागाला दूध पचत नाही, तो तहानलेला असतो म्हणून तोंड लावतो, हेही त्यांनी कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता सांगितलं. धामण दिसली की मारू नका, ती उंदीर खाते, आणि उंदरांमागे नाग घरात येतो. गवतगंजी आणि सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नका. हिरवा चापडा इथल्या रानात आहे. आपल्या सर्पविषविरोधी लसीत चारच सापांचा उतारा असतो, चापड्याचा नसतो, पण त्याच्या चाव्याने माणूस सहसा जात नाही, म्हणून घाबरून धावपळ करायची नाही.

एका तरुणाने विचारलं, ती लस गावातच आणून ठेवली तर? प्रश्न फार चांगला होता. डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं दिली. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ही लस बनते. विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं. पावडरच्या स्वरूपातली बाटली फ्रिजशिवायही राहते, त्यामुळे ठेवणं अवघड नाही. देणं अवघड आहे. सुरुवातीलाच साधारण दहा बाटल्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला विष कमी सोडलेलं नसतं. घोड्याच्या प्रथिनांमुळे कोणाला लस देतादेताच रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा दुसरं इंजेक्शन हाताशी लागतं. श्वास थांबला तर यंत्र लागतं. म्हणून बाटली गावात आणायची नाही, माणूस बाटलीपर्यंत न्यायचा.

शेवटी मामा उठले. त्यांना बोलायची सवय नाही. एवढंच म्हणाले, "माझ्याकडं या. मी बांधून देतो. पण गाडी बोलवून मगच या."

अध्यक्षांनी शाल मामांना घातली. यादीत ती सर्पमित्रांच्या नावावर होती. सर्पमित्रांनीच पुढे केली.

१७ ऑगस्ट, रविवार

८ तारखेला संध्याकाळी सात वाजता गावातल्या एका शेतकऱ्याला बांधावर साप चावला. पायाला. साप त्याने पाहिला नाही. आज त्यांच्या घरी जाऊन सगळं ऐकलं, वेळा आशाताईंनी लिहून ठेवल्या होत्या.

सात दहाला मुलगा शाळेच्या व्हरांड्यात पोचला. भिंतीवरचा पहिला नंबर बंद. दुसरा लागला. गाडी येईस्तोवर मामांनी कामट्या बांधल्या, त्या इरल्यासाठी काढलेल्याच होत्या. चटईची झोळी करून चौघांनी उचललं. आठ पंचवीसला दवाखान्यात. दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं, मग तिरकं केलं. गोठलं नव्हतं. पाय मांडीपर्यंत सुजत चालला होता, डॉक्टरांच्या मते घोणस. लस लगेच सुरू झाली. दर सहा तासांनी रक्त पुन्हा पाहत होते. लघवीवर लक्ष होतं, कारण मूत्रपिंडांची भीती होती. सहाव्या दिवशी घरी आले.

आज ते ओसरीवर पाय लांब करून बसले होते. बायकोने चहा दिला. मला काही बोलताच येईना.

पण पहिला नंबर बंद का लागला, हे विचारायलाच हवं होतं. तो गाडीवाला जुलैत गोव्यात कामाला गेला, फोनही बदलला. यादी आम्ही जूनमध्ये लिहिली आणि त्यानंतर एकदाही तपासली नाही. त्या संध्याकाळी दुसरा नंबर लागला नसता तर ही नोंद वेगळी झाली असती. ही चूक गावाची नाही, आमची आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार. टिळकवाडी

आजच्या पाहुण्या आशाताई. गावातून दुपारच्या बसने आल्या, रात्री परत सोडायची गाडी आपण ठेवली. व्यासपीठावर बसायला तयार नव्हत्या, अध्यक्षांनी हात धरून आणलं. वीस मिनिटांतली बाराच बोलल्या. कागद नव्हता.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. शेजारच्या दोन वाड्यांमध्येही तशीच भिंत. पुढच्या मेमध्ये बूट आणाल तर बायकांच्या मापाचे. आणि नंबर ऑइलपेंटने नाही, खडूने. "दर अमावास्येला औतं जुंपत नाहीत, सगळे घरी असतात. त्या दिवशी मी प्रत्येक गाडीवाल्याला फोन लावून बघीन. लागला तर राहू दे, नाही लागला तर पुसून दुसरा."

सभासदांनी बरेच प्रश्न विचारले. मागच्या रांगेतल्या एका सभासदाने उठून सांगितलं की त्यांचा भाचा जांबोटीत टेम्पो चालवतो आणि रात्री घरीच असतो. नंबर तिथेच घेतला.

अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी. सकाळच्या बसने जायचं. न्यायचं सामान: खडूची पेटी, जुना टॉवेल, काळा रंग एक लिटर, दोन ब्रश. टेम्पोवाल्याचा नंबर आधी इथूनच लावून बघायचा.